हाकाटीचं पाणी

आमच्या घरात शिरायचं असेल तर आधी पाय बुडवावे लागतात. पहिलं दार ढकललं की समोर उथळ ट्रे, त्यात जांभळं औषधपाणी. त्यात बुटांसकट थोडा वेळ उभं राहायचं, मग बूट काढून बाकाखाली सारायचे, बाहेरचे कपडे खुंटीला, आतले अंगावर, आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे. तोवर मागचं दार घट्ट लागलेलं असतं. ते लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. दोन दारांमधली ही खोली इतकी अरुंद आहे की सदरा डोक्यातून काढताना कोपर हमखास भिंतीवर आपटतं. मी या घरात घरजावई म्हणून आलो त्याला जन्म लोटला, ही खोली झाली त्यालाही कितीतरी वर्षं झाली, पण माझ्या कोपराला अजून त्या भिंतीचा अंदाज आलेला नाही.

दुसरं दार उघडलं की डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायच्या खोल्या, आणि नाकासमोर चालत गेलं की थेट काचघर. इतर लोक घर बांधतात आणि मागे बाग लावतात. आमच्याकडे आधी काचघर झालं आणि मग उरलेल्या जागेत माणसांची सोय लावली. काचघरात टोमॅटो, तेही बियाण्याचे. पिकलेलं फळ फोडून बी काढायचं, धुवायचं, वाळवायचं आणि कंपनीला द्यायचं. बियाण्याच्या पिकाला रोग चालत नाही, म्हणून हा सगळा थाट. तंबाखूच्या पानातला एक रोग टोमॅटोला लागतो आणि तो ओढणाऱ्याच्या बोटांवरून येतो. त्यामुळे लग्न ठरताना सासऱ्यांनी माझी चौकशी एकाच प्रश्नात संपवली होती.

"ओढता का?"

"कधीमधी."

"मग आता कधीच नाही."

बायकोसाठी सिगरेट सोडणारे पुष्कळ असतील. मी टोमॅटोसाठी सोडली.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि त्यात मान किती आणि चिमटा किती हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. अंगाने शेलाटे, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, आणि आवाज कधी चढत नाही. आवाज चढवला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. ते फक्त सांगतात, आणि मग ते तसं होतं.

ते असे का झाले हे सांगितलं नाही तर मात्र अन्याय होईल. माझी लेक शाळेत होती तेव्हा काचघरात मर आली. मर ही मातीतली एक बुरशी. मुळातून झाडात शिरते आणि पाणी वर चढायच्या वाटाच बुजवून टाकते. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. आपण म्हणतो, उन्हाने झालं असेल. मग एक दिवस ते उभं राहत नाही. आमच्याकडे ती एका ओळीतून दुसरीत गेली आणि बघता बघता सगळं काचघर माना टाकून बसलं. आबांनी एकूण एक झाड स्वतःच्या हाताने उपटलं, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. पुढे कितीतरी दिवस ते धड जेवले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी सुताराला बोलावलं आणि दुसरं दार बसवून घेतलं.

तेव्हापासून आमचं येणंजाणं आटलं. सामान दारात येतं, आम्ही ते पुसून आत घेतो. लेक शाळेतून आली की रोज डोक्यावरून आंघोळ. तिच्या मैत्रिणी एकदाच आल्या होत्या, त्यांना आम्ही पायांपासून सुरुवात करून पार कोपरापर्यंत धुतलं, त्यानंतर त्या फिरकल्या नाहीत. पुढचं शिक्षण तिने घरूनच केलं. लेकीला घरात ठमी म्हणतात, लहानपणी गोलमटोल होती म्हणून. आता ती काडी झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

झाडांसाठी आबांनी दोन रखवालदार नेमले. पहिला ट्रायकोडर्मा. हीसुद्धा बुरशीच, पण आपल्या बाजूची. ती वाढवायचं काम ठमीचं. ती मागच्या खोलीत गहू उकडते, पिशव्यांत भरते, वाफेवर निर्जंतुक करते आणि त्यात बुरशीचा कण सोडते. थोड्या दिवसांत दाण्यांवर हिरवी साय धरते, आणि पिशवी उघडली की ओल्या नारळासारखा वास येतो. ते दाणे मुळाशी घातले की ही बुरशी मुळांभोवती आधीच जागा अडवून बसते, मरीच्या बुरशीला पाय ठेवू देत नाही. शिवाय झाडाच्या कानात हळूच सांगून ठेवते की जरा जागं राहा. एवढं सांगून ती आपल्या कामाला लागते.

दुसरा रखवालदार ओरडणारा. झाडांच्या अंगात निरोप पोचवणारी रसायनं असतात, त्यांना संप्रेरकं म्हणतात. अळीने पान कुरतडलं की झाड त्यातलं जस्मोनेट नावाचं संप्रेरक तयार करतं आणि पानोपानी निरोप जातो: चोर आला! मग पानं जाड होतात, लव वाढवतात, कडू होतात. आबांनी विचार केला, चोराची वाट कशाला बघा. बाटलीत मिळणारं तेच संप्रेरक पाण्यात मिसळायचं आणि आपणच फवारायचं. त्याला ते हाकाटीचं पाणी म्हणतात. त्याला जाईच्या फुलांसारखा वास येतो, त्यामुळे गल्लीतल्या लोकांना वाटतं की आमच्याकडे काहीतरी आनंदाचं चाललंय. पंप पाठीवर घेऊन फवारायचं काम माझं. म्हणजे चोर नसताना चोर चोर म्हणून बोंबलत मी ओळींमधून फिरायचो.

पूर्वी हे महिन्यातून एकदा असायचं. गेल्या हंगामात शेजारच्या कुणाच्या तरी मळ्यात मर आल्याचं आबांच्या कानावर आलं आणि मग दर आठवड्याला सुरू झालं. झाडं काय दिसायची! पानं काळपट हिरवी, जाड, खरखरीत, बोटं लावली की बोटं काळी. एका पानाला डाग नाही. आबा ओळीच्या तोंडाशी उभे राहून म्हणायचे, "तब्येत बघा, जावईबापू, तब्येत." तब्येत होतीच. फळं नव्हती. फुलं यायची, थोडी, आणि गळून जायची. इतकी निरोगी झाडं आजारी असतील असं कुणाच्या मनात येणार? आबांना वाटायचं उजेड कमी पडतोय. मी काच पुसत बसायचो.

अशात ठमीला तो फोन आला.

रात्री जेवताना तिने सांगितलं. "शहरातल्या प्रयोगशाळेतून फोन होता. आपल्या बुरशीचे नमुने पाठवले होते ना मी, ते त्यांना आवडले. कामाला ये म्हणताहेत. दोन-तीन महिने जागा धरून ठेवू म्हणाले."

माझा घास हातातच राहिला. बायको आबांकडे बघायला लागली. आमच्याकडे कुठलीही बातमी आली की आधी आबांकडे बघायची पद्धत आहे.

"चांगलं आहे," आबा म्हणाले. "जा की."

"जाऊ दे तिला?" बायकोने विचारलं.

"मी कुठे अडवतोय? फक्त तिथे ते रोग मुद्दाम वाढवतात, अभ्यासासाठी. कुंड्याच्या कुंड्या भरून. ते काही वाईट काम नाही. पण एकदा तिथे पाय ठेवला की पीक उभं असेपर्यंत इथे पाय ठेवायचा नाही."

"पीक उभं नसतं कधी?" मी म्हणालो. "एक उपटायच्या आत तुम्ही दुसरं लावता."

"ते आहेच," आबा म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

ठमी उठली, ताटं गोळा केली, नळाखाली हात धुवायला लागली, आणि बराच वेळ धूत राहिली. मला काय समजायचं ते समजलं. बापाला लेकीच्या मनातलं कळतं, त्याला बोलावं लागत नाही. तिला जायचं होतं, आणि जायचं म्हणजे घर तोडायचं असं आबांनी पेलाभर पाण्यावर ठरवून टाकलं होतं. माझं आयुष्य त्या दोन दारांच्या मधे गेलं, ते गेलं. पण हिचं जाऊ द्यायचं नाही असं मी त्याच ताटावर ठरवलं.

त्यानंतर मी भांडायला लागलो. मला सवय नव्हती, त्यामुळे सुरुवातीला नीट जमेना. सकाळी आबा झाडांना दोरे बांधत असले की मी मुद्दा काढायचो, ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तो दोरा द्या जरा." मी दोरा द्यायचो. दोरा देऊन झाल्यावर भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. एकदा चिडून मी स्वयंपाकघरात पातेलं आपटलं तर बायको म्हणाली, "अहो, भांडायचंय ना, मग आधी हात धुऊन या. काळे झालेत." ठमी दारात उभी राहून बघत असायची. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हसल्यासारखं दिसायचं, आणि मला आणखी जोर चढायचा.

एके दिवशी बियाणेवाल्या बाई आल्या. कंपनीकडून पीक बघायला येतात त्या. त्या दिवसभर दहा मळ्यांतून फिरतात, म्हणून आबा त्यांना दुसरं दार ओलांडू देत नाहीत. त्या मधल्या खोलीत उभ्या राहतात, दाराला एक काचेची खिडकी आहे तिच्यातून बघतात, आणि आम्ही अलीकडून एकेक फांदी काचेला लावून दाखवतो. तुरुंगात कैद्याला भेटायला आल्यासारखा हा कार्यक्रम असतो. कैदी कोण ते विचारू नका.

आबांनी फांदी काचेला लावली. "बघा. डाग शोधून दाखवा."

"डाग नाहीच," बाई पलीकडून मोठ्याने म्हणाल्या. "झाडं सुरेखच आहेत. फळं कुठे आहेत?"

"येतील."

"कधी? बाकीच्यांकडे तोडणीला आली." त्या नाक खिडकीच्या फटीशी आणून वास घेत होत्या. "जस्मोनेट मारताय का? किती दिवसांनी?"

"दर आठवड्याला," मी सांगून टाकलं. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, दर आठवड्याला?" बाईंनी कपाळावर हात मारला. "झाडाजवळ जे काही असतं ते सगळं ते संरक्षणाला लावून बसतं. पान जाड कर, लव वाढव, कडू हो. मग फळाला उरतं काय? त्याला वाटतंय आपण लढाईत आहोत. लढाईत कोण पोरंबाळं वाढवतं? मुळाशी बुरशी आहे ना तुमच्या मुलीची? ती पुरे आहे. चोर आला तर झाड स्वतः ओरडेल. हे बंद करा."

"आणि करपा आला तर?" आबांनी विचारलं.

"येईल थोडा. पानावर चार डाग पडतील. पडू देत."

पडू देत! आबांसमोर! आबांनी फांदी हळूच सोडली, नमस्कार केला आणि वळले. बाई गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "दारात उभं राहून सल्ला द्यायला काय जातं." दुसऱ्या दिवशी बाटली नेहमीसारखी माझ्या हातात आली.

मी पंप भरला. भरताना माझ्या डोक्यात आलं ते मी जास्त विचार न करता केलं. कोपऱ्यातल्या शेवटच्या ओळीशी पोचलो तेव्हा पंप रिकामा केला, साधं पाणी भरलं आणि तेच फवारलं. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक नाही. माझा हिशेब सरळ होता. ही ओळ फळली आणि जगली, तर सिद्ध होईल की सारखं ओरडायची गरज नाही. झाडांना नाही, तर माणसांनाही नाही. मग ठमीने रोज जाऊन रोज घरी यायला काय हरकत आहे?

ठमीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती दाणे घालायला त्या ओळीत गेली आणि परत आली ती पांढरीफटक.

"बाबा, त्या ओळीला वास नाही."

"हळू बोल. मीच सोडलीय ती. तुझ्या बुरशीवर माझा भरवसा आहे."

"फवारा ना. प्लीज. उगाच कशाला विषाची परीक्षा?"

"अगं, बुरशी तूच वाढवलीस, तुलाच खात्री नाही?"

"खात्री आहे," ती म्हणाली. "पण फवारा."

मला वाटलं, पोर माझ्यासाठी घाबरतेय. आबांनी मला पकडलं तर काय होईल याची तिला काळजी. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणालो, बाप आहे ना, बघून घेईल. ती रोज त्या ओळीशी जाऊन उभी राहायची. हात मागे बांधून, जरा लांबून.

ओळीची पानं हळूहळू बदलली. नवीन येणारी पानं पातळ, फिकी, मऊ. फुलं आली ती टिकली. मग देठांवर हिरवे मणी दिसायला लागले, पानांच्या आड, घोसाघोसाने. आणि त्याच सुमारास खालच्या पानांवर करपाही आला. तपकिरी ठिपके, ठिपक्यात वर्तुळं. मी रोज सकाळी गुडघ्यावर बसून बघायचो. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत तो चढला आणि तिथे अडला. वरची पानं जागी होती. त्यांना कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्या झाडाशी चक्क बोललो. काय बोललो ते सांगत नाही.

आबांनी ती ओळ नाकाने पकडली. कोपऱ्यातून चालताना थांबले, एक पान बोटांत चुरगाळलं, हुंगलं.

"जावईबापू."

मी दोरे टाकून गेलो. बायको आणि ठमी दारापर्यंत आल्या.

"याला वास नाही." त्यांनी खालचं पान उचलून बघितलं. "करपा आहे. ही ओळ उपटा. आत्ता. सगळी."

"नाही उपटणार," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. आबा स्वतः खाली वाकले आणि त्यांनी एका झाडाच्या बुंध्याला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांचं मनगट मी जन्मात कधी धरलं नव्हतं. काडीसारखं होतं.

"आधी इथे बघा," मी ओरडलो आणि दुसऱ्या हाताने पानं बाजूला केली. "हे बघा. हे बघा! तुमच्या त्या सगळ्या ओळींत मिळून इतकी फळं नाहीत. डाग पडलेत. पडले तर पडले! मेलंय का ते? उभं आहे. फळतंय. तुम्ही आम्हाला सगळ्यांना फवारत बसलात आबा, सगळ्यांना. या घरात कुणाला डाग नाही आणि कुणाचं काही झालंही नाही!"

बायकोने तोंडावर हात ठेवला. आबा वाकलेलेच राहिले. मग त्यांनी बुंधा सोडला आणि तिथेच ओळीत, ओल्या जमिनीवर बसले. एक घोस त्यांनी तळहातावर घेतला.

"मला भीती वाटते हो," ते म्हणाले. "रोज सकाळी आत येताना वाटते. दिवा लावायच्या आधी मी दारातच उभा राहतो. वाटतं, सगळ्यांनी माना टाकल्या असतील. पुन्हा उपटायला मला जमायचं नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बसलो. मी म्हणालो, "आम्ही आहोत ना. आम्ही उपटू."

"बंद करा ती फवारणी," आबा म्हणाले. "आणि पोरीला सांगा, जा म्हणावं. वाटेल तेव्हा घरी ये म्हणावं. येईल, आंघोळ करेल. काय होतंय."

मी दाराकडे बघितलं. बायको डोळे पुसत होती. ठमी तिथे नव्हती.

ती मागच्या खोलीत होती. गहू उकळत होता, काचा वाफेने भरल्या होत्या. मी तसाच धावत आत शिरलो आणि तिचे दोन्ही खांदे धरले. तिने अंग चोरलं, माझे हात मातीचे होते.

"सुटलीस!" मी म्हणालो. "आबा हो म्हणाले. जायचं, वाटेल तेव्हा यायचं. लाव फोन त्यांना."

तिने गॅस बारीक केला. "बाबा, मी त्यांना नाही सांगितलंय."

"मग सांग ना आता."

"नाही म्हणून सांगितलंय."

"कधी?"

"तेव्हाच. त्याच दुपारी. तरी ते म्हणाले, विचार कर, जागा धरून ठेवतो."

"आबांच्या बोलण्यावरून?"

"आबा बोलायच्या आधीच. जेवताना मी नुसतं सांगितलं, ये म्हणताहेत म्हणून. जाते असं मी कधी म्हटलं?"

मी आठवून बघितलं. म्हटलं नव्हतं.

"प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनच्या कॅमेऱ्यातून मला सगळं फिरवून दाखवलं," ती म्हणाली. "लांबलचक टेबल, बुरशीच्या बशा उघड्या, शेजारी कुणाचा तरी चहाचा कप. एक जण बाहेरून आला तो बुटांसकट तसाच आत. मी विचारलं, असं केल्याने बिघडत नाही का? तर त्या हसल्या. म्हणाल्या, बिघडतं की, मग पुन्हा करतो." ती पळीने गहू ढवळत होती, ढवळायची गरज नसताना. "पुन्हा करतो म्हणजे काय, बाबा? त्या बोलत होत्या आणि मला फक्त तो कप दिसत होता."

"होते गं सवय. सगळ्यांना होते."

"मला नाही व्हायची. मला इथे बरं वाटतं."

"मग मला का नाही सांगितलंस? इतके दिवस मी भांडतोय, चोऱ्या करतोय, आज आबांचा हात धरला मी!"

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुम्ही इतके पेटला होतात. मला वाटलं, तुम्हालाच जायचं असेल. माझं निमित्त करून का होईना, बोलताय तरी. म्हणून मी गप्प बसले."

मी तिथून बाहेर आलो. आबा अजून ओळीतच बसले होते. त्यांनी विचारलं, "कधी निघतेय?" मी सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते घोसाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग आता काय करायचं हो हिचं?" या माणसाने माझा सल्ला विचारल्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठमीला म्हणालो, "चल, कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करून येऊ." तिने आढेवेढे घेतले, पण आली. बाहेरचे तिचे बूट वापराविना ताठ झाले होते. शिंप्याचं दुकान उघडत होतं, सायकल दुरुस्तीवाला चाकाला हवा भरत होता, शाळेची मुलं एकमेकांना ढकलत चालली होती. ती माझ्या बाजूने, भिंतीला धरून चालत होती. कोणी समोरून आलं की ती थांबायची आणि तो पुरता पुढे गेल्यावर चालायला लागायची. मी म्हणालो, "बघ, काही होत नाही." ती म्हणाली, "हं."

कोपऱ्यावर एक हातगाडी होती. गाडीवर टोमॅटोंचा ढीग. चिरा गेलेले, डागाळलेले, एकावर एक, आणि चार-पाच बायका ते उचलून, दाबून, नाकाशी नेऊन पुन्हा ढिगात टाकत होत्या. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. गाडीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. त्याने एक मोठा लालभडक टोमॅटो निवडला, त्याच्या बाजूला तपकिरी डाग होता, आणि हात लांब करून ठमीपुढे धरला.

"घ्या ताई, हातात घेऊन बघा. डाग वरवरचा आहे, आत गोड आहे."

ठमीने दोन्ही हात पाठीमागे नेले. मी ठरवलं, हाच मोका. आपण घ्यायचा, तिच्यासमोर चावायचा, रस हनुवटीवर ओघळू द्यायचा आणि म्हणायचं, हे बघ. मी हात पुढे करायला गेलो. माझे हातही पाठीमागेच होते. एकात एक घट्ट. कधी गेले होते कोण जाणे, आणि काही केल्या पुढे येईनात.

गाडीवाला थोडा थांबला, मग टोमॅटो ढिगावर ठेवून दुसऱ्या बाईकडे वळला.

"बाबा," ठमी हळूच म्हणाली, "घरी जाऊ या ना."

आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.